खोकेबुवांचा चांगला महिना

परदेशी जायला कुठला महिना चांगला, असं आमच्या इमारतीत कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर मिळायचं: तिसऱ्या मजल्यावर जा आणि खोकेबुवांना विचारा. हे खोकेबुवा बरोबर माझ्या डोक्यावर राहायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला ताई म्हणायचे, पण इमारतीने ठेवलेलं नाव खोकेबुवाच. देश सोडून जाणाऱ्यांचं घरसामान बांधून देणाऱ्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांची घरं समुद्रापार पोचवली आणि स्वतः कधी विमानाची शिडीही चढले नाहीत. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "ताई, न्हाव्याने रोज स्वतःचे केस कापायचे असतात का?" बोलण्यात हार जायचे नाहीत.

कामात मात्र पक्के. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. खोक्यात काय आहे ते झाकणावर लिहायचं नाही, कुशीला लिहायचं, कारण एकावर एक खोकी चढली की झाकण दिसत नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे भिंती आधी, स्वयंपाकघर शेवटी. निघायच्या तीन आठवडे आधी भिंतीवरचं सगळं उतरवायचं, मग पडदे, मग फळ्या, मग कपाटं. माणूस चित्राशिवाय तीन आठवडे राहतो, पातेल्याशिवाय तीन तास राहत नाही, असं ते म्हणायचे. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

महिन्यांचाही त्यांचा हिशेब ठरलेला. पावसाळ्यात खोकी सादळतात. उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद सुटतो. थंडीत इथून निघालात तर तिकडे पोचता ऐन बर्फात, सामान बंदरात अडकतं आणि तुम्ही रिकाम्या घरात कुडकुडत बसता. राहता राहिले पाऊस संपल्यानंतरचे तीन आठवडे. तोच त्यांचा चांगला महिना. लोकांनी त्यांच्या शब्दावर तिकिटं बदलली, मुलांच्या शाळा बदलल्या. एका जोडप्याने तर लग्नाची तारीख पुढे ढकलली, असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. त्यात नवरीमुलीला काय वाटलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यांची बायको, म्हणजे माझी वहिनी, टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. सव्वीस वर्षं. नुसतं गावाचं नाव काढलं की पिनकोड तोंडावर. माझ्याकडे शिवणाच्या गिऱ्हाइकांची ये-जा असते, पण हक्काने चप्पल काढून आत येणारी ती एकटीच. मी पडदे शिवते. दहा वर्षांपूर्वी पांढऱ्या उभ्या रेघांच्या निळ्या कापडाचा एक तागा उरला, तर आम्ही दोघींनी तो वाटून घेतला. तिच्याही खिडक्यांना तेच पडदे, माझ्याही. भाऊ चिडवायचे, "बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हे दोन मजल्यांचं एकच घर आहे."

वहिनीचं बिनसतंय हे पहिल्यांदा मला कळलं. एका दुपारी ती तीनदा खाली आली आणि तीनही वेळा तिने मला तीच गोष्ट विचारली: सुईला दोरा ओवून देशील का? तिसऱ्या वेळी तिच्या दुसऱ्या हातात आधीच्या दोन्ही ओवलेल्या सुया होत्या. मी दोरा ओवून दिला आणि कुणालाच काही बोलले नाही. मला वाटलं, बोललं की ते खरं होईल.

मग तिची एकुलती लेक आली. ती नऊ वर्षं परदेशात, तिकडच्या प्रयोगशाळेत कामाला. पंधरा दिवस राहिली, आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि परत जाताना जिन्यात मला घट्ट धरून रडली. "मावशी, डॉक्टर म्हणतात अजून वर्षभर आई नवी जागा शिकू शकेल. नंतर नाही जमायचं. मी दोघांचे कागद करतेय. आई मला ओळखतेय तोवर त्यांना पाठवा. बाबा ऐकतात ते फक्त तुमचं."

ते शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तिथेच घोळ झाला.

कागद आले ते थंडीत. भाऊ भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट हातात घेऊन खाली उतरले. "कागद आले. पण ताई, आता तिकडे गुडघाभर बर्फ. ही घसरून पडली म्हणजे?"

"खरं आहे," मी म्हटलं. "थंडी जाऊ दे."

थंडी गेली. भाऊ पुन्हा कॅलेंडर घेऊन आले. "आता हा उकाडा. एवढा प्रवास, दोन ठिकाणी विमान बदलायचं. शिवाय लेकीचं तिकडे मोठं काम चाललंय. आपण जाऊन तिच्या उरावर बसायचं का? तुम्हाला काय वाटतं?"

"थांबा की जरा," मी म्हटलं.

पाऊस लागला तसे न बोलावता आले. "आता तर विषयच नाही. पाऊस संपला की निघतो. चांगला महिना धरून. तुम्ही काय म्हणता?"

काय म्हणणार? मी मान डोलावली. आज स्पष्टच सांगते, त्यात माझा स्वार्थ होता. नवरा जाऊन मला बारा वर्षं झाली. वरून पावलांचा आवाज आला की घरात कुणी आहे असं वाटायचं. ती पावलं जाऊ नयेत म्हणून मी तीन वेळा थांबा म्हटलं, आणि तीनही वेळा ते सल्ल्यासारखं वाटेल असं म्हटलं. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. वहिनी पडद्यावर तिचा चेहरा बघून हसायची. आधी नावाने हाक मारायची. मग नुसतं "बरी आहेस ना गं?" म्हणायला लागली. नाव गळलं, ते आम्ही दोघांनीही ऐकलं, पण एकमेकांकडे पाहिलं नाही.

एकदा जिन्यात त्यांना गाठलं आणि विचारलंच, "भाऊ, खरं सांगा, अडलंय कुठे? हवामानाचं मला सांगू नका, मी काही तुमचं गिऱ्हाईक नाही."

ते कठड्याला धरून उभे राहिले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मला भीती वाटते, ताई. इकडे ही वाट चुकली तर कोपऱ्यावरचा औषधवाला तिला घरी आणून सोडतो. टपालातले लोक ओळखतात, बसवाले ओळखतात. तिकडे ही हरवली, तर मी कुणाला विचारणार? आणि कुठल्या भाषेत? तिकडे मीच हरवलेला असणार."

भित्रा माणूस भीती लपवायला किती हुशारी वापरतो! गोंद, बर्फ, बंदर, सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मीही त्याच बोटीत बसलेली.

शेवटी पाऊस ओसरल्यानंतरची तारीख ठरली. तीन आठवडे उरले तशी भाऊंनी कंपनीतून खोकी मागवली आणि जुना एप्रन चढवून कामाला लागले. काय सांगू, माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. चिकटपट्टीचा चर्र आवाज दिवसभर माझ्या छतातून यायचा. नियमाप्रमाणे भिंती आधी. लग्नातला फोटो, लेकीचा शाळेच्या गणवेशातला फोटो, बैठकीतलं घड्याळ, न्हाणीघराच्या दाराशेजारचा आरसा, सगळं कागदात गुंडाळून खोक्यात गेलं. मग पडदे उतरले, मग फळ्या रिकाम्या झाल्या. प्रत्येक खोक्याच्या कुशीला क्रमांक, आणि यादी त्यांच्या खिशात.

वहिनी मधूनमधून विचारायची, "कोण चाललंय हो?"

"आपण."

"हो का?" म्हणायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

चौथ्या दिवशी ती न्हाणीघर समजून कपाटाच्या दारापाशी उभी राहिली. पाचव्या दिवशी जिथे घड्याळ होतं त्या भिंतीवर हात फिरवत बसली. भाऊ खाली येऊन म्हणाले, "ताई, दुखणं भराभर वाढतंय. आठवड्यापूर्वी अशी नव्हती." त्यांचा चेहरा उतरला होता. मी धीर दिला, जागा बदलली की बरं वाटेल, असलं काहीतरी बोलले. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आरसा दिसला की डावीकडे वळायचं, घड्याळ दिसलं की समोर खुर्ची, असं ती बिचारी घर वाचत चालत होती, आणि तिचा नवरा रोज एकेक अक्षर पुसत होता. तेही आपल्या कामात कसूर नको म्हणून.

आठव्या दिवशी दुपारी खोकी कमी पडली म्हणून भाऊ कंपनीत गेले. वहिनीचा डोळा लागला होता. दाराला बाहेरून कडी घालावी, असं त्यांच्या मनात आलं होतं. बायकोला कोंडून जायला हात धजला नाही, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मी यंत्रावर बसले होते. धाडधाड दार वाजलं. बाहेर भाऊ, बगलेत घडी घातलेली खोकी, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. "ही तुमच्याकडे आहे ना?"

"नाही."

"वर नाही. दार उघडं आहे."

खोकी तिथेच टाकून ते खाली धावले. मीही जशी होते तशी धावले, गळ्यात मापाची टेप, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. औषधवाल्याला विचारलं, त्याने पाहिली नव्हती. बसथांब्यावर नव्हती. मी टपाल कचेरीपर्यंत पळत गेले, तिच्या जुन्या खिडकीवर डोकावले. तिथली मुलगी म्हणाली, काकू महिनाभर आल्याच नाहीत. परत आले तर भाऊ चौकात जो दिसेल त्याला थांबवून विचारत होते. एकाने विचारलं, "अंगावर काय आहे त्यांच्या?" भाऊंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कुठल्या खोक्यात काय आहे ते न उघडता सांगणारा हा माणूस, पण बायकोने सकाळी काय घातलं होतं ते त्यांना आठवेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मलाही आठवेना.

तेवढ्यात चौकाच्या पलीकडे ब्रेक करकचून दाबल्याचा आवाज झाला आणि माणसं एका जागी गोळा झाली. भाऊ मटकन फुटपाथच्या कडेवर बसले. "तुम्ही बघा, ताई. माझ्याने नाही व्हायचं."

मी रस्ता ओलांडला. गर्दीत शिरले. एक म्हातारा रस्त्यावर बसला होता, त्याची पिशवी फाटून फळं घरंगळली होती, आणि तो गाडीवाल्याला शिव्या घालत होता. दुसऱ्याच्या पडण्याने मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी वळून हात हलवला, ती नाही, ती नाही. भाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दीड तास झाला. कुणीतरी म्हणालं, पोलिसांत वर्दी द्या, फोटो घेऊन जा. फोटो! भाऊंनी खिशातली यादी काढली. सात नंबरचं खोकं, तळाशी. आम्ही इमारतीत परतलो. जिना चढताना मला दिसलं, माझं दार सताड उघडं. मघाशी लावायचं भानच राहिलं नव्हतं.

आत, माझ्या खिडकीशी, निळ्या पडद्याखाली वहिनी बसली होती. मांडीवर माझे शिवायचे कपडे, एकेकाची नीट घडी घालत होती.

"इतका वेळ कुठे होता दोघं?" ती रागावून म्हणाली. "घर असं उघडं टाकून जातात का?"

नंतर सगळा उलगडा झाला. ती बाहेर पडली आणि वर गेली होती, गच्चीच्या दारापर्यंत. आम्ही खाली धावलो आणि ती आमच्या डोक्यावर, गच्चीच्या पायरीवर बसलेली. खाली उतरता उतरता तिला एक उघडं दार दिसलं, आत आपले पडदे दिसले, आणि ती घरी आली.

मला हसावं की रडावं कळेना. भाऊ तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "चल, वर जाऊ. आपल्या घरी."

"हेच आपलं घर."

"चल तर खरं. मी आहे ना."

त्यांच्या शब्दाखातर ती उठली. एक हात त्यांच्या हातात, एक माझ्या. तिसऱ्या मजल्याच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. उघड्या भिंती, खिळ्यांची भोकं, हारीने लावलेली खोकी. तिने माझ्या हातात नखं रुतवली. मग नवऱ्याच्या कानाशी जाऊन, कुणी ऐकेल अशा भीतीने, हळूच म्हणाली, "अहो, इथली माणसं गेली. सगळी गेली, आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

एकतीस वर्षं भाऊंनी इतकी रिकामी घरं पाहिली होती, पण मला वाटतं, रिकामं घर कसं दिसतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी एप्रनची गाठ सोडली. तिला खुर्चीवर बसवलं. मला म्हणाले, "ताई, जरा हिच्यापाशी थांबा," आणि सात नंबरचं खोकं फाडलं. नीट उघडलं नाही, फाडलं. ज्या खिळ्यावर जे होतं ते त्या खिळ्यावर. दिवेलागणीपर्यंत घड्याळ, आरसा, फोटो सगळे जागेवर होते. पडदे मी चढवले. वहिनी बघत होती. आरसा लागला तशी ती उठली, न्हाणीघरात गेली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आज जेवायचं नाही का कुणाला?"

ती आत गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळले. "ताई, चांगला महिना केव्हाच गेला. कागद आले त्याच दिवशी जायला हवं होतं."

"मीच थांबवलं तुम्हाला," मी म्हटलं. "मला एकटीला राहायचं नव्हतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर तुम्हालाच विचारायला येत होतो."

त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. पुढच्या पाचव्या दिवसाचं तिकीट मिळालं. ते निघाले तेव्हा पाऊस असा कोसळत होता की टॅक्सीत चढेपर्यंत तिघंही भिजलो. दोन बॅगा, बाकी सगळं घर जसंच्या तसं. किल्ली माझ्या हातात. वहिनी मला म्हणाली, "लवकर येते गं," आणि मी "ये" म्हटलं. विमानाच्या भीतीने भाऊंची पाचावर धारण बसली होती आणि तरी एक हात तिच्या खांद्याभोवती होता. गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले. मग वर आले आणि त्या दिवशी यंत्र चालवलंच नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मी पहिलाच प्रश्न केला, "ओळखलं का हो तिने लेकीला?"

"ओळखलं," भाऊ म्हणाले. "लांबून. एवढ्या गर्दीत. नाव घेऊन हाक मारली, ताई, नाव घेऊन. लेक धावत आली. दोघी एकमेकींना सोडेनात."

मी डोळे पुसले. फोन कट झाला की काय असं वाटलं. "भाऊ? आहात ना?"

"आहे. शेवटच्या विमानात बारा तास तिचा हात धरून होतो. उतरताना तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच मला जरा…" ते थांबले. "तर ती लेकीला म्हणाली, 'बाळा, हे गृहस्थ फार भले आहेत. वाटभर मला सांभाळलं त्यांनी. बरोबर कुणी नाही बिचाऱ्यांच्या. यांना आपल्या घरी चहाला बोलव.'"

मी विचारलं, "मग?"

"मग काय," भाऊ म्हणाले, "बोलावलंय म्हटल्यावर गेलो."